बोबोली की कास्तेल्लो? फ्लॉरेन्सच्या दोन मेदिची बागा

उफीझी संग्रहालय आणि दुओमो हे कॅथीड्रल उरकल्यावर फ्लॉरेन्समध्ये बहुतेकांच्या हाती अर्धा दिवस उरतो. त्यात एकच बाग नीट बघून होते, आणि बहुतेक जण बोबोलीलाच जातात. ती शहरात, पित्ती राजवाड्याच्या पाठीलाच आहे. कास्तेल्लो वायव्येच्या उपनगरात, सिटी बसने अर्धा-पाऊण तास. सोयीचाच विचार केला तर प्रश्न मिटला. पण प्रबोधनकाळातली राजघराण्याची बाग कशी असायची, हे ज्यांना पाहायचंय त्यांनी तिकीट काढण्याआधी थोडा विचार करावा, असं मला वाटतं.

दोन्ही बागांचा मूळ आराखडा शिल्पकार निकोलो त्रिबोलोचा. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातला पहिला कोसिमो 1537 मध्ये, वयाच्या 17व्या वर्षी ड्यूक झाला आणि लवकरच त्याने कास्तेल्लोचं काम त्रिबोलोवर सोपवलं. पित्ती राजवाडा बराच नंतर, 1549 च्या सुमाराला, त्याची पत्नी एलिओनोरा दी तोलेदो हिने विकत घेतला. मागच्या टेकडीची आखणी त्रिबोलोने 1550 मध्ये हाती घेतली आणि त्याच वर्षी तो वारला. म्हणजे कास्तेल्लोला त्याची दहा-बारा वर्षं लाभली, बोबोलीला जेमतेम काही महिने. पुढे बोबोली अम्मानाती, बुओन्तालेंती आणि पारीजी या वास्तुकारांनी वाढवली.

बोबोली भव्य आहे, यात वाद नाही. टेकडीवरून दिसणारं शहर विसरता येत नाही. बुओन्तालेंतीने उभारलेली कृत्रिम गुहा तर एकटीच तिकिटाचे पैसे वसूल करून देते. भिंतीतून मेंढपाळ आणि जनावरं उगवून येतायत असं वाटतं. कोपऱ्यांत मायकेलअँजेलोचे अर्धवट कोरलेले बंदिवान आहेत. मूळ पुतळे गेल्या शतकाच्या सुरुवातीला अकादेमिया संग्रहालयात गेले, आता इथे प्रतिकृती आहेत.

माझा हिरमोड झाला तो वेगळ्याच गोष्टीने. बोबोलीत नंतरच्या काळातल्या गोष्टींची मनातल्या मनात सतत वजाबाकी करावी लागते. राजवाड्यामागचं दगडी प्रेक्षागार बघून मी हरखलो, पण ते 1630 च्या दशकातलं. मुळात तिथे झाडांचीच अर्धवर्तुळाकार मांडणी होती. त्याच्या मधोमध उभा असलेला इजिप्शियन ओबेलिस्क, म्हणजे उंच टोकदार दगडी स्तंभ, रोमच्या व्हिला मेदिचीतून 18व्या शतकाच्या अखेरीला आला. सरूंचा तो लांबलचक उतार आणि खालचं तळ्यातलं बेट 17व्या शतकातलं. काफेहाउस आणि लिंबूघर 1770 च्या दशकातलं. प्रत्येक गोष्ट आपल्या जागी सुंदर आहे. पण 16व्या शतकातली बाग शोधत खडीच्या चढावर चालताना मी अक्षरशः थकलो.

कास्तेल्लोतही बदल झालेत, हे आधीच सांगायला हवं. सरूंचा चक्रव्यूह नाहीसा झाला, त्यातलं व्हीनसचं कारंजं जवळच्या पेत्रायाच्या व्हिलात हललं. तरी हाड शाबूत आहे. भिंतींनी वेढलेली, हलक्या चढाची बाग दारातून जवळजवळ एका नजरेत कळते. डोंगराचं पाणी सगळ्यात वर साठतं. तिथे तळ्यात अम्मानातीचा ब्राँझचा म्हातारा थंडीने अंग आवळून बसलाय. तो म्हणजे इटलीतला आपेनीन पर्वत. त्याखालच्या धक्क्याच्या भिंतीत प्राण्यांची गुहा आहे आणि तिथून पाणी खालच्या कारंज्यांकडे जायचं. गुहेत एकशिंगी घोड्यासकट रंगीबेरंगी दगडांचे प्राणी आहेत. फरशीतून अचानक पाणी उडवून पाहुण्यांना भिजवायची योजनाही होती. डोंगर, पाणी आणि सत्ता यांची सांगड कोसिमोला कशी दाखवायची होती, ते इथे चालता चालता उमगतं. मला तरी बोबोलीत ते पुस्तकाशिवाय उमगलं नाही.

शिवाय लिंबूवर्गीय झाडांच्या पाचशेहून अधिक कुंड्या! त्यात बिझारिया हे अजब झाडही आहे. त्याच्या एकाच फळात महाळुंग आणि कडू संत्रं दोन्ही दिसतात. आणि आपल्यासाठी खास गोष्ट: 17व्या शतकाच्या अखेरीला याच घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोकडे गोव्याहून भरगच्च पाकळ्यांचा मोगरा आला आणि तो इथेच जपला गेला. काळ प्रबोधनाच्या नंतरचा, पण ही भर मला अजिबात खटकली नाही.

हिवाळ्यात जाणार असाल तर मात्र बोबोलीच बरी, कारण कुंड्या तेव्हा आत असतात आणि कास्तेल्लो उघडीबोडकी वाटते. पित्तीतली चित्रं बघायची असतील तरीही बोबोलीच सोयीची. फुलांचे ताटवे हवे असतील तर दोन्हीकडे थोडी निराशा होईल. बाकी मे ते सप्टेंबरच्या दिवसांत, विशेषतः गर्दीचा कंटाळा असेल तर, मी कास्तेल्लो सुचवीन. सकाळी लवकर निघा आणि तिथून थोडं चालून पेत्रायाला जा. जिउस्तो उतेन्सने 1599 च्या सुमाराला रंगवलेली मेदिची व्हिलांची अर्धवर्तुळाकार चित्रं तिथे आहेत. त्यांत कास्तेल्लोही आहे, बोबोलीही. व्हिलाच्या आत केव्हा सोडतात, ते मात्र आधी विचारून घ्या.