किआ सायरॉस: बुकिंगच्या आधी मागच्या सीटवर बसून बघा

सायरॉसची किंमत 1 फेब्रुवारी 2025 ला जाहीर होणार होती, पण त्याआधीच शोरूममध्ये गाडी बघायला मिळत होती. मी आईला घेऊनच गेले, कारण आमच्याकडे मागची सीट तिची. गुडघे दुखत असूनही ती फारसं न वाकता आत बसली. सीट मागे सरकवली, पाठ थोडी कलती केली, तर पाय चक्क मोकळे! चार मीटरच्या आतल्या गाडीत इतकी ऐसपैस जागा मी पाहिली नव्हती. सीट पुढे घेतली की डिकी 465 लिटरची होते. गावाहून येताना तांदळाचं पोतं आणि बॅगा आरामात मावतील.

मात्र सरकती सीट सगळ्यात खालच्या मॉडेलला नाही, आणि माझा सगळा हिशोब तिथेच अडला. किआचीच मोठी गाडी सेल्टॉस तेव्हा 11 लाखांच्या आसपास सुरू होत होती. सायरॉसचं सरकत्या सीटचं मॉडेल त्याच्या बरंच वर गेलं तर घेणं अवघड होतं. शिवाय महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला एक्स-शोरूम (म्हणजे रोड टॅक्स, विमा धरण्याआधीची किंमत) 10 लाखांपर्यंत 11 टक्के रोड टॅक्स, त्यापुढे 20 लाखांपर्यंत 12. डिझेलला 13 आणि 14. आमचं रोजचं फिरणं शहरातलंच, त्यामुळे डिझेल नकोच. किआवाल्यांनो, हवं तर सनरूफ काढा, पण स्वस्त मॉडेलला सरकती सीट द्या, मी लगेच बुक करते.