भांडे मशीनमध्ये लावायचे की मोरीवर घासायचे?

तर्रीचं तेल, ताटाला वाळून चिकटलेलं वरण, वाटीतली पिठल्याची खरड हे सगळं आजचं डिशवॉशर काढतं, आणि हातापेक्षा चांगलं काढतं. आत पाणी 60 ते 70 अंशांपर्यंत तापतं, तेवढं हाताला सोसत नाही. पावडरमधले एन्झाइम स्टार्च अन् प्रथिनं तोडतात. म्हणून भांडे साफ निघतील का, याची काळजी नको. गावात अडतं ते टाकी, लाइन आणि भांड्यांच्या जातीपाशी.

मशीन एका फेरीत साधारण 10 ते 15 लिटर पाणी घेतं. पण जाहिरातीतली बचत सुरू नळाखाली घासणाऱ्यांच्या तुलनेतली असते. ज्या घरी टपात पाणी घेऊन काम निपटवतात, तिथे फरक थोडाच. शिवाय बऱ्याच मशीनला 0.3 ते 0.5 बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा तीन ते पाच मीटर उंच हवं. बोअरचं पाणी जड असेल तर मिठाचा कप्पा भरलेला ठेवावा लागतो, नाहीतर ताटांवर पांढरी पुटं धरतात. मीठ डिशवॉशरचंच घ्यायचं, स्वयंपाकाचं बारीक मीठ चालत नाही.

लाइन गेली तर बहुतेक मशीन थांबल्या जागेपासून पुढे सुरू होतात. मात्र हीटर दोन किलोवॅटच्या आसपास ओढतो, घरचा साधा इन्व्हर्टर तिथे कामाचा नाही. इको फेरी तर तीन तासांच्या वर चालते.

भांड्यांवर मात्र माझं मत पक्कं आहे. घरात स्टील, काच अन् चिनीमाती जास्त असेल तर मशीन घ्या. जर्मनचे म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे गंज (पातेली) काळे पडतात, लोखंडी तवा-कढईला जंग चढतो, पितळ निस्तेज होतं, पोळपाट तडकतो. हे सगळं शेवटी मोरीवरच येणार असेल तर मशीनचा उपयोग अर्धाच.

घेतलंच, तर मांडणी नीट शिका. उष्टं खरडून टाका, पण भांडे आधी धुऊन लावू नका. सेन्सर असलेलं मशीन पाण्याच्या गढूळपणावरून मळ ताडतं. आधीच धुतलेल्या भांड्यांना ते हलकीच फेरी देतं. करपलेला भात तेवढा भिजवावा. गंज आणि पातेली खालच्या जाळीत, तोंड खाली करून. वाट्या-पेले वर, थोडे तिरपे, म्हणजे बुडाला पाणी साचत नाही. वाटीत वाटी घालायची नाही, फवारा मधे शिरतच नाही. ताटांची तोंडं फवाऱ्याच्या बाजूला यावीत. मोठी कोपर, म्हणजे परात, उभी लावली की फवाऱ्याचा हात अडतो अन् अर्धी भांडे तशीच निघतात, तेव्हा दार लावण्याआधी तो हात बोटाने एकदा फिरवून पाहा. मशीनच्या तळची गाळणीची जाळी आठवड्यातून एकदा धुवा.

दुकानात जाण्याआधी टाकीची उंची मोजून घ्या, आणि दुरुस्तीचा माणूस तालुक्याच्या गावातून येतो की नागपूर-अमरावतीहून, हे किमतीच्या आधी विचारा.