ब्लर रिडक्शनवाला १४४ हर्ट्झ मॉनिटर की साधा २४०?

खानापूरहून विचारणा आहे: बेळगावात दोन्ही बघून ठेवलेत, कुठला उचलू? हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते; ब्लर रिडक्शन म्हणजे हलत्या चित्राचा धूसरपणा कमी करणारी सोय. खोक्यावरचं ‘१ एमएस’ (एक मिलिसेकंद) आधी विसरा.

स्पष्टपणा: साध्या २४० वर प्रत्येक फ्रेम (एकेक चित्र) ४.२ मिलिसेकंद दिसत राहते. ब्लर रिडक्शनमध्ये बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) एखादाच मिलिसेकंद चमकतो. चित्र कोरीव, पण उजेड निम्म्यावरही येतो.

एकसारखेपणा: खरा घोळ इथे. पॅनल वरून खाली बदलत जातो, बॅकलाइट मात्र सगळीकडे एकदम चमकतो. तळाचे पिक्सेल तोवर अर्धवटच, म्हणून तिथे दुहेरी सावली. १२० किंवा १०० हर्ट्झवर उतरून पल्सची (बॅकलाइटच्या चमकेची) वेळ सरकवली तर सावली मधून हटते, कडेला उरते. साध्या २४० ला ही भानगड नाही. कोपऱ्यातून झिरपणारा उजेड मात्र दोन्हीकडे असू शकतो. तो सेटिंगने जात नाही, दुकानातच काळं चित्र लावून बघा.

अंधारी खोली आणि हर्ट्झइतके फ्रेम न डगमगता देणारं ग्राफिक्स कार्ड असेल तर पहिला. खिडकीसमोर बसून अभ्यास-गेम दोन्ही करायचं असेल तर सरळ २४०.