४० डिग्रीचं मशीन अन् नवतप्यातलं नागपूर: गॅसलेस मिग वेल्डिंग मशीन, चार महिन्यांनंतर

आधीच सांगून ठेवतो, मी वेल्डर नाही. दिवसभर ऑफिसात एक्सेल भरतो आणि संध्याकाळी मानेवाड्यातल्या घराच्या पोर्चमध्ये, जिथे आधी बाबांची स्कूटर उभी राहायची तिथे, हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाड्या कापून-जोडून केलेली उघडी पळवायची गाडी, बनवून राहिलो. गॅरेज म्हटलं की लोकांना मेकॅनिकचं दुकान वाटते म्हणून पोर्चच म्हणतो, वर टिनाचं शेड, तीन बाजूंनी उघडं. शेजारचे काका दोनदा विचारून गेले, "काय बे, ट्रॅक्टर बनवून राहिला का?" त्यांची चूक नाही राजेहो, मडगार्ड नाही, बॉनेट नाही, इंजिन उघडं, पुढची चाकं बाहेर आलेली, पाहणाऱ्याला ट्रॅक्टरच वाटणार.

चेसिस भंगारातल्या महिंद्रा जीपची. आधी अँबेसेडरच कापायची होती पण तिला वेगळी चेसिसच नसते, बॉडी हीच चेसिस, ती कापली की सगळंच लुळं पडते, म्हणून जीपची शिडीसारखी चेसिस. इंजिन मात्र अँबेसेडरचंच, १८१७ सीसीचं इसुझू, पाच गिअरवालं. अमेरिकेत १९३२ मध्ये फोर्डनं स्वस्तातल्या गाडीत व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, टाकलं आणि पुढं कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्याच गाड्यांचे मडगार्ड काढून कोरड्या तलावांवर पळवल्या, तिथून हा सगळा नाद. त्या व्ही-८ ला ६५ हॉर्सपॉवर होते, आपल्या इसुझूला ७५ च्या आसपास, म्हणजे कागदावर तरी आपण पुढं. (मित्राला हे सांगितलं तर म्हणे, कागदावरच चालव मग.) आणि हो, ही गाडी रस्त्यावर जाणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती बदलेल असे फेरफार चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि २०२१ चा व्हिंटेज गाड्यांचा नियम पन्नास वर्षांवरच्या पण न बदललेल्या गाडीसाठी आहे. काटोल रोडकडे मामाचं शेत आहे, तिथल्या पांदणीवर फिरवू.

आता मशीन. फेब्रुवारीच्या शेवटी ऑनलाइन मागवलं, साडेचौदा हजार. थ्री-इन-वन म्हणतात, म्हणजे गॅसलेस तार (पोकळ तारेत फ्लक्स नावाची पावडर, ती जळून वेल्डला हवेपासून झाकते, म्हणून गॅसचं सिलिंडर लागत नाही), रॉडचं आर्क आणि टिग (टंगस्टनच्या टोकाचं वेल्डिंग). टिगचं नाव फक्त डब्यावर आहे, टॉर्च वेगळी घ्यावी लागते, मी घेतली नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हेच मशीन तीन-चार स्टिकर लावून विकून राहिले, रंग बदलते फक्त.

पहिले आठ दिवस मी मशीनलाच शिव्या दिल्या. तार टाकली, बटण दाबलं, ठिणग्यांचा फटाका अन् पत्र्यावर चिमण्यांनी घाण केल्यासारखे गोळे. वन स्टार देणारच होतो. मग हिंगणा एमआयडीसीतल्या ओळखीच्या वेल्डर उस्तादांकडे फोटो पाठवले, त्यांनी एकच विचारलं, "टॉर्च प्लसला लावली का मायनसला?" कंपनीनं पाठवताना प्लसला लावलेली होती, ती गॅसवाल्या सॉलिड तारेसाठी बरोबर. फ्लक्सवाल्या गॅसलेस तारेला टॉर्च मायनसला अन् अर्थ क्लॅम्प प्लसला पाहिजे. आतली प्लस-मायनस जोडणारी पट्टी उलटी केली, दोन मिनिटांचं काम, अन् तेच मशीन माणसात आलं. मॅन्युअलमध्ये हे चौदाव्या पानावर, तेही अशा भाषेत की लिहिणाऱ्यालाच कळलं नसेल. या मशीनखाली जे वन स्टार रिव्ह्यू पडून आहेत त्यातले अर्धे मला तरी या पट्टीचेच वाटतात.

खरी गोष्ट उन्हाळ्याची. मागच्या स्टिकरवर लिहिलंय २०० ॲम्पिअर, ६० टक्के, ४० डिग्री. याचा अर्थ असा की बाहेर ४० डिग्री असताना दहा मिनिटांतली सहा मिनिटं २०० ॲम्पिअरवर चालवा अन् चार मिनिटं थंड होऊ द्या. ठीक आहे. पण ४० डिग्री म्हणजे आमच्याकडं मार्च-एप्रिलची दुपार, मे मध्ये पारा ४५ ला टेकते आणि टिनाच्या शेडखाली त्याहून किती तरी वर. मार्चात संध्याकाळी मी ११० ॲम्पिअरवर इंजिनच्या क्रॉसमेंबरला सलग रॉड मारल्या, एकदाही बंद पडलं नाही. नवतप्यात (मे अखेरचे ते नऊ कडक दिवस) त्याच ११० वर, म्हणजे स्टिकरच्या जवळपास अर्ध्यावर, चौथ्या-पाचव्या मिनिटाला पिवळा लाइट लागायचा अन् मग पंखा घुंई घुंई करत बसायचा, पंधरा-पंधरा मिनिटं. जळलं नाही, हे मशीनच्या बाजूनं लिहितो, कटऑफ इमानदारीनं काम करते. शेवटी मी पहाटे साडेपाचला वेल्डिंग करायला लागलो. काका आता ट्रॅक्टरबद्दल विचारत नाहीत, वेगळं काही बोलतात.

तुम्ही म्हणाल कूलर लाव बापा. लावला. कूलर लावून आर्क मारला की कूलरचा आवाज खाली बसतो, घरातला टीव्ही डोळे मिचकावते अन् आतून आई ओरडते. आमचं सिंगल फेज कनेक्शन, हिशोब सोपा आहे, २०० ॲम्पिअरवर मशीनला तीस ॲम्पिअरच्या वर करंट लागते, घरातल्या सोळा ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये ते मावणारच नाही. इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून वेगळी जाड वायर अन् ३२ ॲम्पिअरचा एमसीबी टाकून घेतला, तेव्हा आर्क स्थिर झाला. अर्थिंगही त्याच दिवशी तपासून घ्या, फुकटचा सल्ला नाही, माझ्या कोपराला झटका लागलेला आहे.

कूलरचा दुसरा घोळ म्हणजे ओल. रॉडचं पाकीट कूलरसमोर उघडं राहिलं अन् ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉड दमट झाल्या, वेल्डमध्ये बारीक बारीक भोकं यायला लागली. त्या रॉड कोरड्याच पाहिजेत, भट्टीत शेकून वापरतात, घरी कोण करते. ६०१३ नंबरची रॉड त्या मानानं गरीब गाय आहे, पोर्चमध्ये तीच वापरतो. हवेच्या बाबतीत मात्र गॅसलेस तारेला पूर्ण मार्क. सीओटू गॅसवाल्या मशीनवर कूलरचा झोत आला की गॅस उडून जातो अन् वेल्डची जाळी होते, फ्लक्सवाली तार धूर स्वतःच बनवते त्यामुळं थोड्याफार वाऱ्याला ऐकत नाही. उघड्या पोर्चमध्ये काम करणाऱ्यानं म्हणूनच हे घ्यावं, बाकी धूर इतका होते की माश्या-मच्छर गल्ली सोडून गेले.

धुरावरून आठवलं. सुरुवातीची प्रॅक्टिस मी जुन्या कूलरच्या पत्र्यावर केली, घरात तोच पडून होता. तो जीआय पत्रा, वर जस्ताचा थर, तो जळला की पांढरा धूर निघते. संध्याकाळभर ओढला तो अन् रात्री अशी हुडहुडी भरली की आईला वाटलं मार्चातच ऊन लागलं, पन्हं पाजलं, कांदा उशाशी ठेवला. सकाळी उतरलं. उस्ताद हसले नाहीत, चांगलं झापलं, म्हणे थर घासून काढल्याशिवाय जीआयला हात लावायचा नाही. यात मशीनचा दोष शून्य, तरी लिहून ठेवलं कारण नागपुरात प्रत्येकाच्या गच्चीवर एक मेलेला कूलर आहे.

सोबत आलेल्या सामानाबद्दल थोडक्यात: हातातली ढाल फेकून द्या, ऑटो डार्क हेल्मेट वेगळं घ्या. अर्थ क्लॅम्प म्हणजे कपडे वाळवायचा चिमटा, लोहा ओळीत जाऊन जड पितळेचा आणला. तार ओढणारा रोलर प्लास्टिकचा, दीड महिन्यात घासला आणि तार अडकायला लागली. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे मशीन पुण्याला पाठवा. पुण्याला! बारा किलोचं मशीन, एका रोलरसाठी, येणं-जाणं कुरिअर आमच्याकडून. हिंगण्यात एका लेथवाल्याकडून त्याच मापाचा लोखंडी रोलर करून घेतला, अडीचशे रुपये, चहा त्यांच्याकडून.

बॉडीच्या पत्र्यावर काम चांगलं देते. १८ गेजचा पत्रा, ०.८ मिमीची तार, सलग लाइन ओढायची नाही, एक टाका इथं, दुसरा हातभर दूर, मग परत पहिल्याजवळ, नाही तर पत्रा पापडासारखा फुगते. माझ्या डाव्या दरवाज्याखालचा भाग तसाच फुगलेला आहे, पुट्टी मारली की दिसणार नाही असं मी स्वतःला सांगून राहिलो. पण चेसिसचे जोड अन् स्टिअरिंगचा ब्रॅकेट मी या मशीननं फक्त टाक्यावर पकडले, फुल वेल्ड उस्तादांच्या मोठ्या सीओटू मशीनवर, गाडी टेम्पोत टाकून नेली. वरून माझा वेल्ड छान दिसत होता, त्यांनी ग्राइंडरनं एक कापून दाखवला, आत अर्धा लोखंडाला चिकटलेलाच नव्हता. नवशिक्याचं स्टिअरिंग अशा वेल्डवर नको.

पाचपैकी साडेतीन. पत्रा, ब्रॅकेट, गेट-ग्रिल, शिकायला, यासाठी पैसे वसूल. अर्धा स्टार पुण्यासाठी कापला, एक स्टिकरवरच्या आकड्यांसाठी.

आता पाऊस लागला, कूलर ताडपत्रीखाली गेला, तेव्हा भाड्यानं सीओटूचं सिलिंडर आणून सॉलिड तार लावून पाहतो. रेग्युलेटर डब्यात येत नाही, वेगळा घ्यावा लागते. अन् पट्टी परत उलटी करायची आहे.