बेडूकमासे वाढवण्याचा संच: टाकी छान, सोबतचं वेळापत्रक मात्र बाजूला ठेवा

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि हा संच वर्गासाठी घेतला. त्यात एक पारदर्शक टाकी, मधोमध सरकवायची भोकांची फळी, थर्मामीटर, भिंग, तळाशी मिलिमीटरच्या रेघा असलेली उथळ बशी, क्लोरीन घालवणारे थेंब, खाद्याच्या गोळ्या, तरंगता उतार आणि दोन छापील तक्ते मिळतात. अंडी मिळत नाहीत. ती आम्ही पैदास करणाऱ्यांकडून आणली, एकाच मादीची, एकाच वेळी घातलेली. वस्तूंना मी पाचपैकी साडेचार गुण देईन. सूचनापत्रकाला दोनच.

कारण पहिला तक्ता. त्यावर आठवड्यांचं वेळापत्रक आहे: अमक्या आठवड्यात मागचे पाय, तमक्या आठवड्यात पुढचे, मग शेपूट गेली की बेडूक तयार. आमच्या टाकीत काही पिल्लांचे मागचे पाय गुडघ्यात वाकायला लागले होते, तेव्हा त्यांच्याच काही भावंडांना पायांचे कोंबसुद्धा नव्हते. मुलं तक्ता बघायची आणि विचारायची, "बाई, हा आजारी आहे का?" तो ठणठणीत होता. एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांत एवढा फरक पडतोच, आणि माझ्या मते या संचातून शिकण्यासारखं सगळ्यात मोठं तेच आहे. तक्ता त्यालाच बिघाड ठरवतो.

बेडूकमाशाचं रूपांतर तारखेवर चालत नाही. विल्बर आणि कॉलिन्स या संशोधकांनी 1973 मध्ये मांडलेली कल्पना मी मुलांना सोपी करून सांगते. आधी एक किमान आकार गाठावा लागतो. त्यानंतर वाढ जोरात चालू असेल तर पाण्यातच राहून आणखी मोठं होण्यात फायदा असतो, आणि वाढ रखडली असेल तर लहान असतानाच बाहेर पडणं बरं. जातीजातींतला फरक तर याहून प्रचंड. वाळवंटी भागातला काउचचा स्पेडफूट हा बेडूक सुमारे 8 दिवसांत पाण्याबाहेर येऊ शकतो. अमेरिकन बुलफ्रॉगची पिल्लं थंड प्रदेशात 2 वर्षं किंवा जास्तही पाण्यात काढतात. पत्रकावर मात्र जातीचं नावच नाही. मग हे आठवडे नेमके कोणाचे?

दुसरा तक्ता अप्रतिम आहे. गॉस्नर या संशोधकांनी 1960 मध्ये ठरवलेल्या, बेडकाच्या वाढीच्या 46 पायऱ्या, स्वच्छ रेखाचित्रांसह. वय विसरा, शरीर बघा: मागच्या पायाचा कोंब किती लांब, बोटं सुटी झाली का, पुढचे पाय बाहेर आले का (ही 42वी पायरी). बशीत थोडं पाणी, त्यात पिल्लू, वरून भिंग, की चौथीतलं मूलही पायरी ओळखतं. आम्ही प्रत्येकाची लांबी आणि पायरी आलेखावर मांडली. पहिला तक्ता काढून टाकून ही आलेखाची वही संचात दिली, तर मी पूर्ण पाच गुण देईन.

फळीबद्दल जरा सविस्तर सांगते. मोठी पिल्लं लहानांना खाऊ देत नाहीत म्हणून ती वेगळी करायची, असा तिचा हेतू. धक्काबुक्की थांबते, हे खरं. पण पाणी दोन्हीकडे तेच राहतं. दाटीत मोठ्या पिल्लांमुळे लहानांची वाढ खुंटते, आणि त्यात त्यांची विष्ठा मिसळलेल्या पाण्याचाही हात असू शकतो, हे जुन्या प्रयोगांतून दिसलेलं आहे. आमची बारकी पिल्लं फळीपलीकडे तशीच राहिली. वेगळ्या भांड्यात, ताज्या पाण्यात ठेवल्यावर भराभर वाढली. फळीऐवजी दुसरी छोटी टाकी द्यायला हवी होती.

थर्मामीटर अचूक आहे आणि तो लागतोच. गार पाण्यात रूपांतर लांबतं, पण बाहेर पडणारं पिल्लू बहुधा मोठं असतं. कोमट पाण्यात उलट. टाकीवर पाण्याच्या पातळीची रेघ आहे, तीही सांभाळा. तळं आटू लागलं की कित्येक जातींच्या पिल्लांत ताणाचं संप्रेरक वाढतं, ते रूपांतर घडवणाऱ्या थायरॉईडच्या संप्रेरकाला जोर देतं आणि पिल्लू घाईने, लहान अंगाने बाहेर पडतं. एवढी महत्त्वाची रेघ आखली आणि पत्रकात तिच्याबद्दल एक ओळ नाही!

खाद्याच्या गोळ्या तळाशी बसतात आणि लवकर विरघळत नाहीत, हे चांगलं. पण "रोज चिमूटभर" ही सूचना शेवटपर्यंत पाळू नका. पुढचे पाय फुटले की तोंडाची आणि आतड्याची पुनर्रचना सुरू होते. पिल्लू खाणं थांबवतं आणि शेपटीतला साठा वापरतं. तेव्हा टाकलेलं खाद्य नुसतं कुजतं आणि पाण्यात अमोनिया वाढतो. याच वेळी तरंगता उतार लावा. तो खडबडीत आहे, पिल्लू सहज चढतं आणि बुडत नाही. संचातली ही माझी सगळ्यात आवडती वस्तू.

शेवटच्या पानावरची सूचना मात्र धोकादायक आहे: "तयार बेडूक जवळच्या तळ्यात सोडा." विकत आणलेल्या अंड्यांतून आलेले बेडूक कुठल्याही तळ्यात सोडू नयेत. बाहेरची जात तिथे पसरू शकते. शिवाय कायट्रिड बुरशीने जगभर कितीतरी बेडूकजाती संकटात आणल्या आहेत, आणि अशा सोडण्यातून ती नव्या पाण्यात पोचू शकते. अंडी घेण्याआधीच पैदास करणाऱ्यांना विचारून ठेवा की तयार बेडूक ते परत घेतील का. आम्ही तसं ठरवूनच अंडी आणली होती. कंपनीला मी लिहिलं आहे की पुढच्या छपाईत हे वाक्य काढाच, आणि जमलं तर वेळापत्रकही.