प्रकल्पाचे प्रश्न: वर्गात काढायचे की ओढ्यावर?

बालविज्ञान परिषदेच्या प्रकल्पासाठी मुलांना स्वतःचे प्रश्न सुचावेत म्हणून वर्गात बसवू की ओढ्यावर नेऊ, असं एका शिक्षक मैत्रिणीनं विचारलं. मी दोन्ही करून पाहिलंय.

वेळ: वर्गातली पद्धत अमेरिकेतल्या राइट क्वेश्चन इन्स्टिट्यूटची, म्हणजे प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या संस्थेची. फळ्यावर एक विधान लिहायचं, समजा 'आपला ओढा मार्चमध्ये आटतो'. गटानं सुचतील तेवढे प्रश्न लिहायचे. मध्ये चर्चा नाही, उत्तरं नाहीत. प्रश्न बोलला तसाच उतरवायचा. मग 'हो-नाही'चे प्रश्न 'का-कसं'चे करून बघायचे, उलटही, आणि शेवटी तीन निवडायचे. दोन तासिका पुरतात. ओढ्यावर तीन-चार फेऱ्या हव्यात. पहिल्या फेरीत पोरं फक्त खेकडे धरतात. (धरू द्यावेत.)

खर्च: दोन्हीकडे वही-पेन्सिल. बाहेर जायचं तर पालकांची संमतीपत्रं आणि जोडीला आणखी एक शिक्षक.

प्रश्नाचा कस: खरा फरक इथे. वर्गात प्रश्नांचा ढीग पडतो, मागच्या बाकावरची गप्प मुलंही बोलतात. पण निम्मे प्रश्न 'पाणी का महत्त्वाचं?' या जातीचे, भाषणाला बरे. ओढ्यावरून चारच आले, त्यातला एक: 'धुण्याच्या दगडाच्या खालच्या अंगाला शेवाळ जास्त का?' हा मोजता येतो!

साठ मुलांचा वर्ग आणि पंधरा दिवसांची मुदत असेल, तर फळा. पाच-सहा मुलं आणि पावसाळ्यापासूनचा वेळ हाताशी असेल, तर ओढा.