हळूहळू कमी करायची का एकदम बंद? बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांसाठी

सोडायची हे ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी लिहितोय. धुराने फुप्फुसाचं काय होतं, पाकिटावरचा फोटो कशाचा आहे, हे आता शाळेतल्या पोरालाही माहितीय, त्यावर वेळ घालवत नाही. अडतं ते पुढे, सोडायची कशी इथे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, कुणालाही विचारा, दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते दहाच्या आठ करा, आठच्या पाच करा, शरीराला झटका बसू देऊ नका. दुसरी म्हणते सोडायची तर आजच. मी परभणीला आडतीवर मुनीम आहे, दिवसभर काटा, हिशोबाच्या पट्ट्या, हमाल, शेतकरी आणि तासातासाला चहा, म्हणजे धूर सोडायला याहून अवघड जागा शोधून सापडायची नाही. दोन्ही वाटा मी चाललोय आणि दोन्ही वाटांनी सुटलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, त्यामुळे एखादी वाट खोटीच आहे असं म्हणणार नाही.

आधी कमी-कमी करणाऱ्यांची बाजू. पहिला आठवडा सोपा जातो हे खरंय. डोकं फिरत नाही, घरात भांडण होत नाही, कामात आकड्यांची चूक होत नाही. आणि जो माणूस उठल्या उठल्या तोंड धुवायच्या आधी पेटवतो त्याला "उद्यापासून एकही नाही" म्हटलं तर तो सुरुवातच करत नाही, त्याच्यासाठी निदान सुरुवात होणं हीच मोठी गोष्ट आहे. शास्त्राचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर एक अभ्यास झाला, २०१६ साली छापून आला, सुमारे ७०० लोक होते. अर्ध्यांनी दोन आठवड्यांत कमी करत सोडली, अर्ध्यांनी ठरलेल्या दिवशी एकदम, मदत दोघांनाही सारखीच दिली. चार आठवड्यांनी एकदमवाल्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, हळूहळूवाल्यांपैकी ३९. सहा महिन्यांनी २२ आणि साडेपंधरा. पण २०१९ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा दोन्हीत फार फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. म्हणजे नुसत्या आकड्यांवर निकाल लागत नाही, माणूस बघावा लागतो.

आता मला जे नडलं ते सांगतो, कारण माझा निकाल तिथेच लागला. कमी करायला घेतलं की दिवसभर स्वतःशीच घासाघीस चालू होते, अगदी सौद्यासारखी. आज इतक्याच असं सकाळी ठरवायचं, अकरा वाजेपर्यंत निम्म्या संपलेल्या असतात, मग उरलेल्या जेवणाआधी का जेवणानंतर, संध्याकाळसाठी एक ठेवायची का, कालची एक वाचली होती ती आज चालेल का. समोर शेतकरी उभा आहे, मशीनवर सोयाबीनचा ओलावा बघायचाय, त्याचं वर्षाचं पीक त्या आकड्यावर आहे आणि माझं डोकं पुढच्या सिगारेटीत. आधी ज्या ओढायचो त्यातल्या अर्ध्या तर कधी पेटवल्या आणि कधी विझवल्या ते कळतही नव्हतं, आणि कमी करायला लागल्यावर एकेक सिगारेट इतकी मोलाची झाली की तिची वाट बघण्यात दिवस जायचा. सुटायच्या ऐवजी ओढ वाढली असं माझं झालं. कुणाचं तसं होत नसेलही, पण मी ज्यांच्याशी बोललो त्यातले बरेच जण हेच सांगतात.

त्यात सुटी सिगारेट. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी बिडी-सिगारेट विकायला बंदी आहे, पण टपरीवर सुटी मिळते, लायटर दोरीला बांधलेला असतो, दहा पावलं चालायची आणि "एकच द्या" म्हणायचं. कमी करणाऱ्याला ही सगळ्यात मोठी सोय आणि तोच सगळ्यात मोठा घात, कारण त्याला एक ओढायची परवानगी आहेच ना. ज्याने बंदच केलीय त्याला टपरीवर थांबायचं कारण उरत नाही.

तरीही मी म्हटलो असतो की ज्याला जमेल तसं करावं. पण शरीराचा हिशोब वेगळा आहे आणि तो मला चुलतभावामुळे कळला. तो गावाकडे शेतातल्या आखाड्यावर राहतो, वय चाळिशीच्या आत, बिडीवाला. चालताना पोटरीत गोळा यायचा, थांबला की जायचा, मग परत चालला की परत. आम्हाला वाटलं कामाचा शीण. मग पायाच्या एका बोटाला जखम झाली ती भरेना, बोट गार पडलेलं आणि कडेने काळपट. डॉक्टरांनी त्याचा पाय हातात घेतला, पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधत राहिले, मग दुसऱ्या पायाला, मग माझ्या हाताला धरून माझ्याच पायावर ती जागा दाखवली, इथे ठोका लागतो बघा, याच्या पायाला लागत नाही. बर्जर म्हणतात या आजाराला. तंबाखूमुळे हातापायाच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या होतात, रक्त पोचत नाही, आणि होतो तो जास्त करून पंचेचाळिशीच्या आतल्या पुरुषांना. भावाने सांगितलं, डॉक्टरसाहेब मी रोजच्या अख्ख्या कट्ट्यावरून, म्हणजे बंडलावरून, तीन-चारवर आणलीय. त्याला वाटलं शाबासकी मिळेल. डॉक्टर म्हणाले, "या आजारात तीन-चार आणि तीस-चाळीस सारखंच. एक बिडी चालू राहिली तरी आजार चालू राहणार, पूर्ण बंद केली तर बोट वाचायला संधी आहे." त्याने त्या दिवशी बंद केली. जखम भरायला लै दिवस लागले पण पाय आहे.

बर्जर सगळ्यांना होत नाही, म्हणून तेवढ्यावरून सगळ्यांना घाबरवणार नाही. पण हृदयाचं बघा, ते सगळ्यांना लागू आहे. रोज एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा धोका २० ओढणाऱ्याच्या विसावा हिस्सा असेल असं आपल्याला वाटतं. २०१८ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब काढला तर रोज एक ओढणाऱ्याचा वाढीव धोका २० ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा निघाला. म्हणजे विसावरून एकावर यायला एवढी मेहनत केली, आणि हृदयाच्या बाबतीत पदरात पडलं अर्धंच. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कमी ओढल्याने बऱ्यापैकी उतरतो हे कबूल, पण हृदय आणि मेंदूच्या नसा तसा हिशोब ठेवत नाहीत. वर कमी ओढणारा माणूस नकळत खोल झुरके घेतो, धूर जास्त वेळ आत ठेवतो, शेवटच्या टोकापर्यंत ओढतो, म्हणजे संख्या कमी होते तेवढं विष कमी होत नाही. बिडीवाल्यांना वाटतं पानाची आहे, आतमध्ये थोडीच तंबाखू आहे, तर ती विझू नये म्हणून सारखे झुरके मारावे लागतात आणि कार्बन मोनॉक्साइड, डांबर काही कमी जात नाही. कमी करणं हा पूल म्हणून ठीक आहे, पण बरेच जण पुलावरच घर बांधतात, आणि "आता दोनच ओढतो" यावर वर्षं काढतात.

आता एकदमवाली बाजू, तिचाही त्रास लपवत नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, डोकं जड, झोप नाही, भूक वाढते, कुणाला पोट साफ होत नाही, कुणाच्या तोंडात छाले येतात. खोकला उलट वाढतो, कारण श्वासनळीतले बारीक केस परत कामाला लागतात आणि साचलेलं बाहेर काढतात, घाबरून परत पेटवू नका. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक सगळं उतरतं. तल्लफ येते तेव्हा ती चार-पाच मिनिटांची असते, तेवढ्यात उठून चक्कर मारली, पाणी प्यालं, कुणाला फोन लावला की जाते. वजन चार-पाच किलो वाढू शकतं, ते नंतर बघता येतं.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती आणि आपल्याकडे ती सगळ्यांना कामाची आहे. धुरातल्या काही रसायनांमुळे लिव्हर कॅफिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. म्हणजे आडतीवर दिवसाला जितके कप प्यायचो तितकेच पीत राहिलं तर छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जागं, आणि माणूस समजतो की सिगारेट सोडल्याचा त्रास होतोय. चहा निम्म्यावर आणा, झोप लागते. मला तरी यानेच सगळ्यात जास्त फरक पडला.

एकदम म्हणजे धूर एकदम, निकोटीनही त्याच दिवशी बंद केलं पाहिजे असं नाही. मेडिकलवर निकोटीनचं च्युइंगम मिळतं, २ मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय. ते साध्या च्युइंगमसारखं चघळत बसायचं नाही, तिखट लागेपर्यंत सावकाश चावायचं आणि मग गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचं, चव गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. आणि त्याच्या पंधरा मिनिटं आधी आणि तोंडात असताना चहा चालत नाही, तोंडात आंबटपणा असला की निकोटीन नीट शोषलं जात नाही. मोंढ्यातल्या माणसाला हे जड जातं. अंगाला निकोटीनची पट्टी लावली तर चहाची कटकट नाही, पण एप्रिल-मे मधे आपल्याकडे घामाने ती सुटते आणि खाजवतेही, हिवाळ्यात लावायला चांगली. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरला विचारूनच. माझ्या भावाला तर च्युइंगमही नको सांगितलं होतं, त्या आजारात निकोटीन कुठल्याच रूपात चालत नाही.

आणि भीती किती कामाला येते, तर थोडीच. पाकिटावरचा फोटो आठ दिवसांत दिसायचा बंद होतो. मला टिकवून धरलं ते लवकर परत मिळणाऱ्या गोष्टींनी. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडीचे ठोके उतरायला लागतात, दिवसाभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो, दोन आठवडे ते तीन महिन्यांत रक्ताभिसरण आणि दम सुधारतो, वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्मा होतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या मानाने निम्म्यावर. पोत्यांच्या थप्पीमागून गोदामाचा जिना चढताना मधे थांबावं लागायचं ते बंद झालं, हे मला कुठल्याही फोटोपेक्षा जास्त पटलं. आता हा सगळा हिशोब शेवटच्या सिगारेटपासून सुरू होतो, आणि हळूहळूवाल्याची शेवटची सिगारेट कधी ते त्यालाच माहिती नसतं. माझा कल एकदमकडे आहे तो यामुळे.

दोन्ही वाटांवर एक खड्डा सारखाच आहे आणि आपल्या भागात तो मोठा आहे. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रात मोठ्या वयाच्या लोकांत धूर ओढणारे ४ टक्क्यांच्या आतच होते, आणि तंबाखू चघळणारे २४ टक्के. म्हणजे सोडणाऱ्याच्या आजूबाजूला मळणारे जास्त. सिगारेट सोडली आणि हमालाने पुढे केलेली चिमूट घेतली की फुप्फुस सुटलं आणि तोंड अडकलं. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरी पुड्या कुठे मिळतात ते सगळ्यांना माहितीय. "तोंडाला चाळा" पाहिजेच असेल तर लवंग, बडीशेप, भाजलेले फुटाणे.

माझं ऐकाल तर दिवस ठरवा, सोयाबीनची आवक जोरात असते त्या महिन्यातला नको, लग्नाच्या आठवड्यातला नको. आदल्या रात्री पाकीट, लायटर, माचिस घरातून काढा. १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट नंबर आहे, त्यावर समुपदेशक बोलतात, मराठीतही. ज्याला इतकं करूनही एकदम झेपणार नाही असं मनापासून वाटतं त्याने कमी करत सोडावं, फक्त शेवटची तारीख आधी लिहून घरच्यांना दाखवावी आणि दोन-तीन आठवड्यांच्या पुढे ती नेऊ नये.

एक प्रश्न मला सारखा विचारतात, वडील साठीचे झाले, पन्नास वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग. इंग्लंडमधल्या डॉक्टरांवर पन्नास वर्षं लक्ष ठेवून २००४ मध्ये हिशोब मांडला होता, तिशीत सोडली तर आयुष्याची सुमारे १० वर्षं वाचतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६, आणि साठीला सोडली तरी ३. त्यांना हाताने धरून डॉक्टरकडे न्या, आणि वयस्कर माणसाच्या बाबतीतही मी एकदमच म्हणेन, औषधाची मदत घेऊन.